पंपाखालचं भोक

मोटारसायकलचा पाण्याचा पंप आणि तेलाचा पंप एकदमच खोलायची पाळी आली, की बहुतेक वेळा कारण एकच असतं. पाणी तेलात उतरलेलं असतं. आणि माझ्या गॅरेजात आलेल्या अशा गाड्यांत ते का उतरलं, याचं उत्तरही बहुतेक वेळा एकाच जागी सापडलं आहे. पाण्याच्या पंपाच्या खाली कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं बारीक भोक कुणीतरी बुजवलेलं असतं.

नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीत माझं काम मुख्यतः स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिनावर चालतं. क्लचप्लेटा, चेन-स्प्रॉकेट, कार्बोरेटर साफ करणं, पेरणीच्या आधी ब्रेकशू. या सगळ्या हवेवर थंड होणाऱ्या गाड्या. त्यांच्या इंजिनाला पाणी ठाऊकच नाही. रेडिएटरवाल्या गाडीला आमच्याकडं सरळ ‘पाण्याची गाडी’ म्हणतात. २००८ साली यामाहाची आर१५ आली तेव्हा दीडशे सीसीच्या गाडीला रेडिएटर ही आमच्या भागात नवलाची गोष्ट होती. पुढं २०१२ साली ड्यूक २०० आणि पल्सर २००एनएस आल्या. या गाड्या आधी पुण्या-हैदराबादच्या पोरांनी चालवल्या आणि आता दुसऱ्या-तिसऱ्या हातानं कुंडलवाडी, सगरोळी, देगलूरकडच्या गावांत पोचल्या आहेत. गाडी पोचली, पण तिच्यासोबत तिचं शहाणपण पोचलं नाही. रेडिएटरमध्ये काय घालायचं, हे कुणी सांगितलेलं नसतं. मग बोअरचं पाणी घालतात. समोर दिसतं ते तेच.

मी सांगतोय ती गाडी आर१५च, पहिल्या पिढीतली, एमएच-१२ पासिंगची. पंधरा वर्षं उलटलेली, म्हणून आरसी नव्यानं करून घ्यायची होती आणि त्याआधी मालकाला ती नीट करून हवी होती. मालक म्हणजे कुंडलवाडीकडचा पोरगा, शेती आणि शेतीसोबत बोधनला एका दुकानात काम. येसगीचा मांजरेवरचा पूल ओलांडला की तेलंगण. हे अंतर तो रोज कापायचा, आणि तेही मे महिन्यात, जेव्हा आमच्याकडं पारा बेचाळीसच्या वर असतो.

“काका, गाडी लई गरम व्हायलीय. लाल लाइट येतीय. पाणी टाकलं की चार दिवसात गायब. खाली तर थेंबबी नाही.”

खाली थेंब नाही, हेच मला खटकलं. पाणी जातंय आणि जमीन कोरडी आहे, तर ते पाणी आतच कुठंतरी जातंय. मी तेलाच्या टाकीचा बोल्ट सोडला. डब्यात उतरलं ते तेल नव्हतंच, दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी होतं, वर फेस धरलेलं.

मग पंपाखाली हात घातला. बोटाला एम-सीलचा टणक गोळा लागला.

“हे कुणी लावलं?”

“आधी थेंब थेंब गळायलतं. एका ठिकाणी नेली, त्यांनी लावून दिलं. गळायचं बंद झालं की.”

ज्यानं लावलं त्याचं नाव मी विचारलं नाही, आणि त्याला दूषणही देत नाही. गिऱ्हाइकाला गळती बंद करून हवी होती, त्यानं बंद करून दिली. आमच्या मुलखात गळतं पाणी कुणालाच बघवत नाही. २०१६च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आमच्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर आहे. नळ गळताना दिसला की रस्त्यानं जाणारा माणूसही थांबून तो बंद करतो. गाडीखालच्या थेंबाकडं बघायची नजरही तीच. पण या एका थेंबाचा अर्थ वेगळा आहे, आणि तो पटवून देणं हा माझ्या कामातला पाना-पकडीइतकाच मोठा भाग आहे असं मी मानतो.

पंपाची रचना बघितली की मुद्दा आपोआप कळतो. पाणी फिरवणारा इंपेलर एका दांड्यावर बसलेला असतो. दांड्याचं एक टोक पाण्यात आणि दुसरं इंजिनाच्या तेलात, कारण त्याला फिरवणारा गिअर तिथं आहे. एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन वेगळे द्रव, आणि दांडा मिनिटाला हजारो फेरे घेणारा. त्यांना वेगळं ठेवायला दोन सील बसवलेली असतात. तेलाच्या बाजूला साधं ऑइलसील, रबराच्या ओठाचं. पाण्याच्या बाजूला जड सील, ज्यात कार्बनची एक कडी स्प्रिंगच्या दाबानं सिरॅमिकच्या चकतीवर टेकलेली असते. एक फिरतं, एक स्थिर राहतं. दोघांचे चेहरे इतके सपाट घासलेले असतात की मधे पाण्याचा नजरेलाही न दिसणारा पापुद्रा तेवढा राहतो, आणि तोच पापुद्रा त्यांना वंगणही देतो.

आता इंजिनिअरला पक्कं ठाऊक होतं की यातलं एखादं सील कधीतरी थकणारच. म्हणून त्यानं दोन सीलांच्या मधे मोकळी जागा ठेवली आणि तिथून खाली बाहेर उघडणारं एक भोक पाडलं. पाण्याचं सील गेलं तर हिरवं कूलंट तिथून ठिबकतं. ऑइलसील गेलं तर तेल ठिबकतं. दोन्ही गेली तर दोन्ही ठिबकतात, पण बाहेर, जमिनीवर, मालकाच्या डोळ्यासमोर. एकमेकांत नाही. भोक बुजवलं की त्या मोकळ्या जागेत पाणी साठतं, दाबाखाली येतं आणि मग समोरच्या रबरी ओठाला ते थोपवता येत नाही. ते ओठ तेल थोपवायला घडवलेले असतात, गरम कूलंटचा दाब सोसायला नाही. तिथून पाणी क्रँककेसमध्ये.

आणि तेलाचा पंप बिचारा तेच पाणी उचलून सगळ्या इंजिनभर पोचवतो.

पोराच्या वडिलांना बोलावून घेतलं, कारण खर्च सांगायचा होता. मी त्यांना डबा दाखवला. “मामा, हे तेल क्रँकच्या बेअरिंगला जायलंय. या गाडीच्या सिलिंडरला लोखंडी लायनर नाही, आख्खं ॲल्युमिनियमचं आहे. स्प्लेंडरसारखं बोअर करून वरच्या साइजचा पिस्टन टाकून भागत नाही. घासलं तर सिलिंडरच नवं घ्यावं लागतं.” त्यांनी डब्यात काडी फिरवून बघितली, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “काय लागल ते करा, पण परत खोलाया लागू नये.”

उजव्या बाजूचं कव्हर काढलं तेव्हा पाण्याच्या पंपाची अवस्था कळली. इंपेलरच्या पात्यांवर पांढरा थर, नखानं न निघणारा. कव्हरच्या आतल्या वाटेवरही तोच. आमचं बोअरचं पाणी खडकातून येतं आणि क्षार घेऊन येतं. दुकानातल्या कूलरच्या जाळ्यांवर हाच थर दर उन्हाळ्यात बसतो. कूलरची जाळी फार तर बदलता येते, पण इथं तेच क्षार सीलच्या दोन चेहऱ्यांच्या मधल्या पापुद्र्यात जातात, पाणी उडून जातं आणि कण राहतात. कार्बनच्या कडीवर गोल गोल ओरखडे पडले होते. भिंगाखाली धरून मी ते पोराला दाखवले. त्याला एवढंच म्हणालो की हे ओरखडे तुझ्या बोअरनं मारलेत.

सीलं काढायची ती बेतानं. कव्हर ॲल्युमिनियमचं, घर घट्ट. कव्हर थंड असताना छिन्नी मारली तर घराला चरा पडतो आणि नवं सील त्या चऱ्यातून गळतं. मी कव्हर कढत पाण्यात ठेवतो. ॲल्युमिनियम जरा फुगतं, मग मागून बरोबर मापाचा सॉकेट लावून सील सरळ बाहेर ढकलतो. सोबत बेअरिंगही काढलं, हातात फिरवलं तर खरखरत होतं. बेअरिंग ढिलं असेल तर दांडा डुलतो, आणि दांडा डुलला की कितीही चांगलं सील बसवा, टिकत नाही. फक्त सील बदलून गाडी देणारे इथं फसतात. दांड्यावर ऑइलसीलचा ओठ जिथं घासतो तिथं नख फिरवायचं. नख अडकलं की दांडाही बदलायचा. या दांड्यावर ती खाच होती.

थर काढायला लिंबाचं सत पातळ करून वापरलं, थोडाच वेळ, कारण ॲसिड ॲल्युमिनियमला जास्त वेळ लावून ठेवायचं नसतं. मग भरपूर साध्या पाण्यानं आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं धुतलं. रेडिएटर उलट्या बाजूनं पाणी सोडून साफ केला. आणि एम-सील. ते गोळा फोडून निघालं, पण भोकाच्या आत गेलेलं निघेना. ड्रिल लावायचा मोह होतो. लावायचा नाही, भोक मोठं होतं किंवा तिरकं जातं. जुन्या क्लचवायरीतली एक तार सोडवली आणि ती पुढं-मागं करत ते खरवडलं. पोरगा शेजारी बसून बघत होता. तार आरपार गेली, पलीकडून टोक दिसलं, तेव्हा मी कव्हर उजेडाकडं धरलं आणि त्याला त्या भोकातून बघायला लावलं.

नवं सील बसवताना त्याच्या चेहऱ्याला बोट लागू द्यायचं नाही, हे मी दुकानातल्या पोरांना बजावून ठेवलं आहे. बोटाचा घाम, ग्रीस, काही नको. रबराला ओलं करायला कूलंटच वापरायचं, ऑइल नाही. ऑइलसीलच्या ओठाला मात्र ग्रीसचं बोट लावायचंच, नाहीतर पहिल्या स्टार्टला तो कोरडा घासतो. दोन शेजारी सीलं, दोघांचे नियम उलटे.

हे नियम मला वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असताना कळले. पण पंपाबद्दलचा आदर त्याच्या आधीचा, उस्तादांकडून आलेला. माझे उस्ताद राजदूत आणि आरएक्स १००वर हयात घालवलेले. आरएक्स आपल्याकडं १९८५ ते १९९६ या काळात निघाली. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलसोबत तेल जाळणारी. तिला तेलाची वेगळी टाकी आणि एक छोटा पंप होता, यामाहानं १९६४ सालीच जपानात आणलेला ऑटोल्यूब. ॲक्सिलरेटर जितका ओढाल त्या हिशेबानं तो तेल सोडायचा. आमच्या भागात कितीतरी जणांनी तो पंप काढून फेकला. “पंपावर भरवसा नाही, पेट्रोलमध्येच तेल मिसळा.” उस्ताद तो पंप काढायला कधीच तयार झाले नाहीत. गिऱ्हाईक हट्टाला पेटलं तर गाडी परत द्यायचे. पंपाच्या चाकावरची खूण पिनेशी जुळवून केबल लावायची, हवा काढायच्या स्क्रूतून एकही बुडबुडा न येता तेल येईपर्यंत थांबायचं, मग सांगायचे, “पंप दगा नहीं देता. उसको हवा मत दो, कचरा मत दो.”

आर१५ पहिल्यांदा आमच्या दुकानात आली तेव्हा उस्तादांची नजर अधू झाली होती. तरी ते स्टुलावर बसून राहिले आणि मला म्हणाले, खोल, मला दाखव पाणी कसं फिरतं. मी इंपेलर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, दांड्यावर अंगठा फिरवला आणि दोन सीलांच्या मधल्या जागेत नख घालून विचारलं, “ये बीच में खाली क्यूँ रखा?” मी भोक दाखवलं. ते कितीतरी वेळ त्या भोकावर बोट ठेवून बसले होते. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दिसलेली खुशी मी अजून विसरलेलो नाही. आपण ज्याला जन्मभर मानत आलो ते शहाणपण दूरच्या कुणा इंजिनिअरनंही मानलंय, अशी ती खुशी होती.

खरं तर पाण्यानं इंजिन थंड करायची कल्पना मोटारसायकलीत नवी नाही. इंग्लंडात ब्रॅडफर्डला १९०८ सालापासून स्कॉटच्या गाड्या पाण्यावर थंड व्हायच्या, आणि त्यांना पंपच नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरतं, एवढ्यावर ते चालायचं. पण छोटं इंजिन, जास्त फेरे, चिमूटभर रेडिएटर आणि आमचा मे महिना, एवढं जमलं की पाणी ढकलावंच लागतं.

आता तेलाचा पंप. तो क्लचच्या बाजूलाच, कव्हरच्या आत असतो. काढायच्या आधी मी नेहमी जाळी बघतो, कारण पंपाच्या तोंडापर्यंत काय आलंय ते जाळीच सांगते. या जाळीवर तपकिरी साय होती आणि सायीत अडकलेले सिलिकॉनचे लाल-करडे धागे. कुणीतरी मागं कव्हर बसवताना गॅस्केटसोबत सिलिकॉनची नळी भरपूर पिळली होती. बाहेर आलेलं पुसता येतं. आत गेलेलं तुटून जाळीवर येतं आणि तेलाची वाट अडवतं. पाणी मिसळलेलं तेल आणि वर अर्धी बुजलेली जाळी, अशा हालात ही गाडी येसगीचा पूल रोज दोनदा ओलांडत होती. मला त्या यंत्राची खरंच कीव आली.

पंपाच्या आत दोन रोटर असतात. आतला लहान, बाहेरचा मोठा, आणि आतल्याला बाहेरच्यापेक्षा एक पाकळी कमी. त्या एका पाकळीच्या फरकानं दोघांमधली जागा एका बाजूला मोठी होत जाते, तिथं तेल ओढलं जातं, आणि दुसऱ्या बाजूला लहान होत जाते, तिथून ते दाबून बाहेर पडतं. इतकं साधं यंत्र, आणि सगळी मदार पाकळ्यांच्या टोकाशी राहणाऱ्या फटीवर. नव्या पंपात ती ०.१५ मिलिमीटरच्या आत असते. दीडपट झाली की पंप गेला असं समजायचं. डोळ्याला दोन्ही फटी सारख्याच दिसतात. फिलर गेजची पाती घालूनच कळतं. मी पाती घातली. जी अडायला हवी होती ती सुळकन गेली. रोटरच्या चेहऱ्यावरही गोल चरे होते, घाणीनं पाडलेले. घासून, पॉलिश करून तो परत बसवायचा विचारही मी केला नाही. आख्खा पंप नवा घ्यायचं ठरवलं.

भाग मिळवणं हा इथला निराळा प्रवास. नांदेडला ऑइलसील, बेअरिंग मिळालं. पंप आणि पाण्याचं सील हैदराबादहून, पुतलीबावलीच्या बाजारातून, ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती मागवलं. जुन्या गाडीच्या भागात नकली माल सहज मिसळलेला असतो. मी सीलची कडी काचेच्या तुकड्यावर ठेवून उजेडात बघतो. खालून उजेड दिसला तर परत पाठवतो.

बसवायच्या आधी पंप तेलानं भरला, हातानं फिरवला, तोंडातून तेल उसळेपर्यंत. कोरडा पंप बसवून सेल्फ मारणं मला कुणी पैसे देऊनही जमणार नाही. जुनं गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडलं, नवं कोरडंच लावलं. सिलिकॉन नाही. बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमानं, थोडे थोडे.

मग जो क्षण येतो तो या सगळ्या कामात मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सिलिंडर हेडवर तेलाच्या वाटेचा एक छोटा बोल्ट असतो. तो किंचित ढिला करायचा, गाडी चालू करून तशीच सावकाश चालू द्यायची, आणि त्या बोल्टाकडं बघत बसायचं. तळातल्या पंपानं उचललेलं तेल सगळ्या वाटा पार करून वर पोचलं, तर तिथं ओल दिसते. मिनिटभरात दिसली नाही तर गाडी लगेच बंद करायची आणि परत खोलायची. दुकानात कुणी बोलत नव्हतं. बोल्टाच्या कडेला आधी एक चकाकी आली, मग थेंब धरला, मग तो हेडवरून खाली ओघळला. स्वच्छ, मधाळ रंगाचा. पोरानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी बोल्ट कसला.

पहिलं तेल थोडंच चालवून काढून टाकलं, कोपऱ्यात राहिलेलं पाणी घेऊन ते बाहेर यावं म्हणून. दुसऱ्या तेलात अजून किंचित धुरकटपणा होता, तेही काढलं. तिसरं आरपार दिसणारं राहिलं. रेडिएटरमध्ये निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी घातलं, तेच जे बॅटरीच्या दुकानात कॅनमध्ये मिळतं. झाकण उघडं ठेवून गाडी चालवली, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. झाकणाचं रबरही बदलायला हवं असतं, मी झाकणच नवं लावलं. दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं, आणि मग पंपाला दोष येतो.

मामा गाडी न्यायला आले तेव्हा मी पोराला खाली बसवून भोक पुन्हा दाखवलं. “इथून थेंब आला तर घाबरायचं नाही. रंग बघायचा आणि मला फोन करायचा. काही लावायचं नाही.”

मामा उभ्यानंच ऐकत होते. म्हणाले, “मिस्त्री, आमच्या ट्रॅक्टरच्या पंपालाबी असंच एक भोक हाय का?”

“असतं. पंख्याच्या पुलीमागं, खालच्या अंगाला.”

“तिथून पाणी ठिबकायलतं. गेल्या सालीच मी बाभळीची खुंटी ठोकलीय त्याच्यात.”

ट्रॅक्टर माझं काम नाही, पण दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेतात गेलो. ट्रॅक्टरच्या पंपात भोकाच्या वर ग्रीसचं बेअरिंग असतं. पाणी कोंडलं की ग्रीस धुऊन निघतं, बेअरिंग झिजतं, पंखा डुलायला लागतो आणि एक दिवस रेडिएटरमध्ये घुसतो. पंखा धरून हलवला तर चांगलाच हलला. पकडीनं खुंटी ओढली आणि मागोमाग तांबडं पाणी आलं, बेअरिंगच्या गंजाचं. मृग तोंडावर होता. मामांनी तिथंच बोधनच्या दुकानदाराला फोन लावला, पंप आहे का विचारलं, आणि पोरगा त्याच आर१५वर बसून तो आणायला निघाला. तो येईपर्यंत मी पट्टा काढून, पंखा उतरवून ठेवला.